विमा कंपनीचे संकेतस्थळ कसे घडते?

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. याच मार्गावर महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू आहे. कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाला हा रस्ता ओळखीचा असतो. समजा, सोलापूरचे एक गृहस्थ नोकरीसाठी दिल्लीत आले. त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी सोलापूरच्या शाखेतून घेतली होती. आता त्यांना पत्ता बदलायचा आहे आणि पुढचा हप्ता भरायचा आहे. पूर्वी अशा वेळी काय करावे लागे? कॅनॉट प्लेसमध्ये आयुर्विमा महामंडळाची 'जीवन भारती' ही भव्य इमारत १९८६ पासून उभी आहे; परंतु त्या गृहस्थांच्या पॉलिसीची नोंदवही सोलापुरात असे. त्यामुळे पत्र पाठवणे, उत्तराची वाट पाहणे किंवा गावाकडच्या एजंटावर विसंबून राहणे, एवढेच मार्ग उरत.

आज हेच काम हातातील मोबाइलवर होऊ शकते. हे ज्या साधनामुळे शक्य झाले, ते म्हणजे विमा कंपनीचे संकेतस्थळ. असे संकेतस्थळ नव्याने उभारताना कोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो, ते या पाठात आपण समजून घेणार आहोत.

वचनाचा व्यवहार

बाजारात आपण भाजी घेतो तेव्हा पैसे देताच वस्तू हाती येते. विम्याचे तसे नाही. आपण हप्ता आज भरतो आणि त्याच्या बदल्यात कंपनी आपल्याला एक वचन देते. हे वचन पाळण्याची वेळ कित्येक वर्षांनी येते. आयुर्विम्यात तर पुष्कळदा वचन घेणारा माणूस तेव्हा हयात नसतो. त्याची पत्नी, मुले किंवा वृद्ध आईवडील ते वचन मागायला येतात.

हे वचन विश्वासाचे असावे, यासाठी आपल्या देशाने मोठे निर्णय घेतले. भारतीय आयुर्विमा कंपन्यांचा आरंभ मुंबईत १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेपासून मानला जातो. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. पुढे अशा अनेक संस्था निघाल्या, पण त्या सर्वांचा कारभार सारखा चोख नव्हता. १९ जानेवारी १९५६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. एकूण २४५ संस्थांचा कारभार एकत्र आणून १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. तेव्हा महामंडळाच्या २१२ शाखा होत्या. पुढे त्यांची संख्या दोन हजारांवर गेली.

इतक्या शाखांतील नोंदी हाताने सांभाळणे अवघड होते. महामंडळात १९६४ मध्ये संगणक आला. संगणकामुळे नोकऱ्या जातील, या भीतीने कर्मचाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. कोलकात्यात तर दीर्घ आंदोलन झाले. पुढे शाखाशाखांतून संगणक बसले, ते एकमेकांना जोडले गेले आणि मग कोणत्याही गावातून आपली नोंद पाहणे शक्य झाले. संकेतस्थळ हे या प्रवासातील पुढचे पाऊल होय. १९९९ च्या कायद्यानुसार भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि खासगी कंपन्याही या क्षेत्रात आल्या. तेव्हापासून प्रत्येक कंपनीला आपले संकेतस्थळ अधिकाधिक उपयुक्त करणे भाग पडले.

मध्यभागी कोण?

ज्या कोपर्निकसचे (१४७३–१५४३) नाव दिल्लीतील त्या रस्त्याला दिले आहे, त्या पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञाने विश्वाच्या मध्यभागी पृथ्वी नसून सूर्य आहे, असा विचार मांडला. मध्य बदलला आणि ग्रहांचे फिरणे अधिक नीट समजू लागले. संकेतस्थळ उभारतानाही पहिला प्रश्न हाच असतो : मध्यभागी कोण आहे? कंपनी मध्यभागी असेल तर पहिल्याच पानावर इमारतीचे छायाचित्र, संचालकांचे मनोगत आणि नव्या योजनांच्या जाहिराती दिसतात. पॉलिसीधारक मध्यभागी असेल तर त्याच्या प्रश्नांची उत्तरे आधी दिसतात.

म्हणून जाणकार मंडळी कामाला लागण्यापूर्वी एक यादी तयार करतात. संकेतस्थळावर कोण येणार आणि कशासाठी येणार, हे त्या यादीत लिहिलेले असते. विमा कंपनीकडे मुख्यतः तीन प्रकारची माणसे येतात. पहिला, विमा घेऊ इच्छिणारा. दुसरा, विमा घेतलेला. आणि तिसरा, विम्याची रक्कम मागणारा. या तिघांच्या गरजांतूनच संकेतस्थळाच्या खास सुविधा ठरतात. तयार मिळणाऱ्या साध्या संकेतस्थळात या सुविधा नसतात. त्या विम्याचे नियम समजून घेऊन मुद्दाम घडवाव्या लागतात.

पहिला प्रश्न : हप्ता किती पडेल?

विमा घेऊ इच्छिणारा माणूस आधी हप्ता विचारतो. हप्ता वय, विम्याची रक्कम आणि मुदत यांवर ठरतो. संकेतस्थळावरील हप्ता मोजण्याची सुविधा ही माहिती विचारते, कंपनीच्या दरांच्या तक्त्यात योग्य आकडा शोधते आणि उत्तर दाखवते.

हे कसे घडते ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. १८ ते ५० वर्षे वयाच्या बँक किंवा टपाल खातेदाराला तीत दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळते. १ जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये करण्यात आला. योजनेचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. मधल्याच महिन्यात सहभागी होणाऱ्या नव्या सभासदाला कमी हप्ता पडतो : जून ते ऑगस्टमध्ये ४३६ रुपये, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीमध्ये २२८ आणि मार्च ते मेमध्ये ११४ रुपये.

आता संगणकाला काय शिकवावे लागेल? आधी वय तपासावे. ते १८ पेक्षा कमी किंवा ५० पेक्षा जास्त असेल तर नम्रपणे नकार द्यावा आणि नकाराचे कारण सांगावे. वय बसत असेल तर महिना पाहावा व त्यानुसार रक्कम दाखवावी. नियम माणसाने ठरवलेला असतो; संगणक तो न चुकता पाळतो. पण नियम लिहितानाच एखादा महिना चुकला, तर तीच चूक लाखो माणसांच्या बाबतीत होते. म्हणून येथे काटेकोरपणाला फार महत्त्व आहे.

दुसरा प्रश्न : माझी पॉलिसी चालू आहे ना?

विमा घेतलेल्या माणसाला हप्ता भरणे, पावती मिळवणे, पत्ता बदलणे, तसेच नामनिर्देशित व्यक्तीचे, म्हणजे नॉमिनीचे, नाव तपासणे ही कामे करायची असतात. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. आयुर्विम्याचा हप्ता ठरलेल्या दिवशी भरता आला नाही, तरी सवलतीचे काही दिवस मिळतात. मासिक हप्त्यासाठी १५ दिवस आणि तिमाही, सहामाही व वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवस, अशी ही मुदत असते. ती उलटली की पॉलिसी बंद पडते. चांगले संकेतस्थळ केवळ हप्त्याची तारीख दाखवून थांबत नाही. सवलतीचा शेवटचा दिवसही स्पष्ट दाखवते. त्या एका ओळीमुळे एखाद्या कुटुंबाचा आधार टिकू शकतो.

नवी पॉलिसी हाती आल्यावर ती पटली नाही, तर ३० दिवसांच्या आत परत करण्याचा हक्क २०२४ च्या नियमांनी पॉलिसीधारकाला दिला आहे. ही माहिती आणि परत करण्याचा अर्ज संकेतस्थळावर सहज सापडला पाहिजे. विक्रीचे बटण ठळक आणि परतीचे बटण पानाच्या तळाशी लपलेले, अशी मांडणी प्रामाणिक म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न : आमचे पैसे कुठे आहेत?

संकेतस्थळाची खरी कसोटी येथे लागते. घरातील कर्ता माणूस जातो. त्याने विमा उतरवला होता एवढेच घरच्यांना ठाऊक असते. पॉलिसीचा कागद सापडत नाही, क्रमांक माहीत नसतो. अशी कितीतरी रक्कम मागणी न झाल्यामुळे कंपन्यांकडे पडून राहते. म्हणून नियामक प्राधिकरणाने विमा कंपन्यांना एक बंधन घातले आहे. १,००० रुपये किंवा त्याहून अधिक अशी बेवारस पडलेली रक्कम शोधण्याची सोय प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर ठेवलीच पाहिजे. दहा वर्षांहून अधिक काळ कोणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. मात्र तेथे जमा झाल्यापासून २५ वर्षांपर्यंत हक्कदाराला तिची मागणी करता येते.

ही शोधण्याची सुविधा वरवर सोपी वाटते. पॉलिसीधारकाचे नाव आणि जन्मतारीख लिहायची, की नोंद समोर! पण आपल्या नावांचा विचार करून पाहा. 'चव्हाण' हे आडनाव रोमन लिपीत कोणी 'व्ही' वापरून लिहितो, कोणी 'डब्ल्यू' वापरून. कोणाच्या जुन्या पॉलिसीवर आधी आडनाव असते, कोणाच्या आधी स्वतःचे नाव. लग्नानंतर अनेक स्त्रियांचे आडनाव आणि मधले नाव बदलते. काही घरांत पहिले नावही बदलले जाई. माहेरच्या नावाने काढलेली पॉलिसी सासरच्या नावाने शोधली तर संगणक 'नोंद नाही' असे सांगेल. नोंद तर असते. सापडत नाही एवढेच.

यावर उपाय काय? संगणकाला केवळ हुबेहूब नाव न शोधता मिळतीजुळती नावेही शोधायला शिकवावे लागते. पूर्वीचे नाव लिहिण्यासाठी वेगळी जागा ठेवावी लागते. जन्मतारीख, पॉलिसी क्रमांक, पॅन क्रमांक यांपैकी जे हाताशी असेल त्याच्या साहाय्याने नोंदीपर्यंत पोहोचता आले पाहिजे. परंतु दुसरी बाजूही आहे. शोध फारच सैल ठेवला, तर कोणीही परका माणूस दुसऱ्याच्या रकमेची माहिती काढील. म्हणून नोंद सापडताच तपशील उघड करू नये. फक्त 'आपण शाखेशी संपर्क साधावा' एवढे सांगावे आणि ओळख पटल्यावरच पुढची माहिती द्यावी. सुलभता आणि गुप्तता यांचा असा तोल साधणे, हे घडवणाऱ्याचे खरे कौशल्य आहे.

आपली भाषा, आपली लिपी

वचन ज्या भाषेत कळते त्याच भाषेत ते विश्वासाचे वाटते. विमाविषयक कागदपत्रे परिस्थितीनुसार संविधानाने मान्यता दिलेल्या भाषांत उपलब्ध करून देता येतील, असे नियामकाच्या २००२ च्या नियमांतही म्हटले होते. संकेतस्थळावर मराठी आणण्यात मात्र पूर्वी तांत्रिक अडचण होती. प्रत्येकाचा फाँट वेगळा असे आणि तो आपल्या संगणकात नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हे दिसत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सांकेतिक प्रमाण तयार झाले. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' या संस्थेने भारतीय भाषांच्या संगणकीकरणात मोठे काम केले. पुढे युनिकोड या जागतिक पद्धतीने देवनागरीतील प्रत्येक वर्णाला ठरावीक क्रमांक दिला, त्यामुळे तोच मजकूर सर्व संगणकांवर व मोबाइलवर सारखा दिसू लागला. 'साताऱ्याचा' या शब्दातील 'ऱ्या' किंवा 'बाळ' या शब्दातील 'ळ' आता बिनचूक उमटतो.

तरीही भाषेची मांडणी काळजीपूर्वक करावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या संकेतस्थळाचे पहिले पान हिंदीत उघडू लागले. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. भाषा बदलण्याचा पर्यायसुद्धा हिंदीतच लिहिलेला आहे, हे त्यांनी दाखवून दिले. तांत्रिक अडचणीमुळे असे झाल्याचे सांगून महामंडळाने दुरुस्ती केली. यातून घ्यायचा धडा साधा आहे : भाषा निवडण्याच्या जागी प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहावे. मराठी वाचणाऱ्याला 'मराठी' हा शब्द देवनागरीतच दिसला पाहिजे.

शिवाय भाषांतर म्हणजे केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे. 'मुदतपूर्ती', 'अभ्यर्पण', 'नामनिर्देशन' यांसारखे शब्द वापरावे लागले, तर त्यांचा अर्थ शेजारीच सोप्या वाक्यात द्यावा. वाचक अडखळला तर ती उणीव वाचकाची नसून लिहिणाऱ्याची असते.

सर्वांना वापरता यावे असे

कोपर्निकस मार्गापासून जवळच, टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालय आहे. या न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. ग्राहकाची ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले जाते. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि अंध व्यक्तींना ते जमत नाही. अशा व्यक्तींना डिजिटल सेवांपासून वंचित ठेवता येणार नाही, डिजिटल सुविधा मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून विमा कंपनीच्या संकेतस्थळावरील मजकूर यंत्राने वाचून दाखवता यावा, अक्षरे मोठी करता यावीत, ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध असावा, याची तजवीज आरंभापासूनच करायला हवी.

कुलूप आणि किल्ली

विमा कंपनीकडे आपले वय, आजार, उत्पन्न, बँक खाते आणि घरातील माणसांची नावे अशी नाजूक माहिती असते. २०२४ मध्ये एका खासगी आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीस जाऊन ती टेलिग्रामवर पसरल्याचे उघडकीस आले. अशा घटना टाळण्यासाठी माहिती सांकेतिक रूपात साठवणे, मोबाइलवर येणाऱ्या एकवेळच्या संकेतांकाने ओळख तपासणे, कोणत्या कर्मचाऱ्याने कोणती नोंद केव्हा पाहिली याची टिपण ठेवणे आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून वेळोवेळी तपासणी करून घेणे आवश्यक असते. आपणही दक्ष राहिले पाहिजे. संकेतस्थळाचा पत्ता पॉलिसीच्या कागदावरून पाहून लिहावा आणि मोबाइलवर आलेला संकेतांक कोणालाही सांगू नये. नियामक प्राधिकरण स्वतः पॉलिसी विकत नाही. त्या नावाने बोनसचे आमिष दाखवणारा फोन फसवा समजावा.

काम संपत नाही

सुविधा तयार झाल्या की चाचणी होते. चाचणी केवळ तंत्रज्ञांनी करून भागत नाही. मोबाइल नव्याने वापरणाऱ्या व्यक्तीला, खेड्यातील मंद जोडणीवर, मराठी पानावरून हप्ता भरायला सांगावे आणि ती कोठे अडते ते पाहावे. पुष्कळ उणिवा तेव्हाच लक्षात येतात.

संकेतस्थळ सुरू झाल्यावरही काम चालूच राहते. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवर वस्तू व सेवा कर लागत असे. मुदतीच्या विम्यावर आणि आरोग्य विम्यावर तो १८ टक्के होता. ३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत झालेल्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने तो काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला. म्हणजे अवघ्या एकोणीस दिवसांत हप्ता मोजण्याची सुविधा, हप्त्याच्या सूचना आणि पावत्या, सर्व काही बदलणे आले. करासारखे बदलणारे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवलेले असतील, तर असा बदल सुकर होतो. ते जागोजागी विखुरलेले असतील, तर एखादे ठिकाण राहून जाते.

आणि एवढे करूनही ग्राहकाचे समाधान झाले नाही, तर त्याला पुढचा मार्ग दाखवणे हेही संकेतस्थळाचे कर्तव्य आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

थोडक्यात सांगायचे तर, विमा कंपनीचे संकेतस्थळ म्हणजे जाहिरातीचा फलक नव्हे. ती दिलेले वचन पाळण्याची खिडकी आहे. ती किती आकर्षक आहे यापेक्षा, दुःखात असलेल्या, कागद हरवलेल्या आणि केवळ आपली मातृभाषा जाणणाऱ्या माणसाला ती उघडता येते की नाही, यावरूनच तिची योग्यता ठरते.

विचार करा व लिहा

१. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर येणारी तीन प्रकारची माणसे कोणती? प्रत्येकाची एक गरज लिहा.

२. बेवारस रक्कम शोधताना नावामुळे कोणत्या अडचणी येतात? आपल्या कुटुंबातील एखाद्या नावाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. 'सुलभता आणि गुप्तता यांचा तोल साधावा लागतो', या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

४. आपल्या घरातील विमा पॉलिसींची यादी तयार करा. कंपनी, पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख व नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लिहून ती घरातील सर्वांना माहीत असेल अशा ठिकाणी ठेवा.